चंद्राचे वजन

सत्यजित राय यांच्या कलकत्त्यावरील चित्रत्रयीत नोकरीच्या मुलाखतीचे जे प्रसंग आहेत, ते साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावेत असे मला नेहमी वाटत आले आहे. 'प्रतिद्वंद्वी' (१९७०) मधला सिद्धार्थ वडिलांच्या मृत्यूनंतर वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून नोकरीच्या शोधात हिंडतो आहे. वनस्पतिशास्त्राशी संबंधित एका सरकारी जागेसाठी तो मुलाखतीला जातो. गेल्या दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असे त्याला विचारले जाते. समितीला चांद्रमोहीम अपेक्षित असते. सिद्धार्थ व्हिएतनामचे युद्ध असे उत्तर देतो. चंद्रावर माणूस पोचणे हे केव्हातरी घडणारच होते. साध्या शेतकऱ्यांनी दाखविलेली ती प्रतिकारशक्ती मात्र कोणी कल्पिलेली नव्हती, असे त्याचे म्हणणे. यावर समितीला एकच प्रश्न सुचतो : तो कम्युनिस्ट आहे का? 'जन अरण्य' (१९७६) मध्ये नायकाला चंद्राचे वजनच विचारले जाते. या नोकरीचा आणि चंद्राच्या वजनाचा संबंध काय, हे विचारण्याचा अधिकार खुर्चीच्या अलीकडच्या बाजूस बसलेल्याला नसतो.

या दोन प्रश्नांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला प्रश्न चांगला होता; फसली ती समिती, कारण उत्तर ऐकण्याची तिची तयारी नव्हती. दुसरा प्रश्न मुळातच असा होता, की त्याच्या उत्तरातून माणसाविषयी काही म्हणजे काहीच कळू नये. आपल्याकडे मराठीच्या अध्यापकपदासाठी ज्या मुलाखती होतात, त्यांत हे दोन्ही प्रकार नांदतात. पण बहुतांश मुलाखती दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि त्यांच्यासाठी केली जाणारी तयारीही त्याच प्रकारची असते. या लेखाचा विषय ती तयारी आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी स्वतः उमेदवार म्हणून एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात गेलो होतो. व्हरांड्यात आम्ही अकराजण होतो. प्रत्येकाच्या मांडीवर फुगलेली फाईल, त्यात मूळ प्रमाणपत्रे, साक्षांकित प्रती, चर्चासत्रांतील सहभागाची रंगीत प्रशस्तिपत्रे. दहाची वेळ दिलेली होती. संस्थेचे अध्यक्ष साडेबारापर्यंत आले नव्हते. अकरांपैकी एकजण फाईल न घेता आला होता आणि शिपाई त्याला अधूनमधून चहा आणून देत होता. त्याचा अर्थ आम्हा सर्वांना कळत होता, तरीही आम्ही एकमेकांना वृत्तांची लक्षणे विचारत होतो. माणसाच्या आशेचे स्वरूपच तसे असावे.

आत गेल्यावर मला पहिला प्रश्न आला : मराठीतील पहिली कादंबरी कोणती? मी बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चे नाव घेतले, १८५७ हे वर्षही सांगितले, आणि तेवढ्यावर थांबायचे सोडून पुढे म्हणालो की, तिला कादंबरी म्हणावे का हे आपण कादंबरी कशाला म्हणतो यावर अवलंबून आहे. विधवांच्या स्थितीविषयीचा एक धर्मप्रचारकी प्रवासवृत्तान्त म्हणूनही ती वाचता येते. तिच्यानंतर चार वर्षांनी, १८६१ साली आलेल्या हळब्यांच्या 'मुक्तामाले'त अद्भुतरम्य कथानकाची जी हौस आहे ती तिच्यात नाही. आणि कादंबरी म्हणजे वास्तवाचा विस्तृत व सलग शोध असे मानले तर हरिभाऊ आपट्यांपर्यंत थांबावे लागेल. हे बोलत असताना समितीतील एका सदस्याने घड्याळाकडे पाहिले आणि दुसऱ्याने, "एका वाक्यात सांगा," असे सुचविले. मी एका वाक्यात सांगितले. फाईल न आणणारा निवडला गेला. आता इतक्या वर्षांनी त्याविषयी रोष उरलेला नाही. रुखरुख आहे ती वेगळीच. ज्या प्रश्नाला मराठी समीक्षेने इतका विचार दिला, त्याचे समितीच्या दृष्टीने एकच उत्तर होते, आणि ते बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर छापलेले होते.

येथे थोडे नियमांविषयी बोलणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी शैक्षणिक कामगिरी व संशोधन यांना ५० टक्के, विषयज्ञान व अध्यापनकौशल्य यांच्या परीक्षणाला ३० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के असा भार होता. २०१८ च्या नियमावलीने हे गणित उलटवले. महाविद्यालयासाठीच्या तक्त्यात पदवी, पदव्युत्तर पदवी, पीएच.डी., नेट किंवा सेट, शोधनिबंध आणि अध्यापनाचा अनुभव यांचे मिळून शंभर गुण ठेवले, पीएच.डी.ला २५, कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५, शोधनिबंधांना फार तर ६, अनुभवाला वर्षाला २ प्रमाणे जास्तीत जास्त १०. पण हे सारे केवळ छाननीसाठी. प्रत्यक्ष निवड मुलाखतीतील कामगिरीवरच व्हावी, असे या नियमावलीने स्पष्ट ठरविले. म्हणजे दहा-बारा वर्षे खपून जमवलेले ते गुण दाराबाहेर ठेवून उमेदवाराने आत जायचे, आणि आतली पंधरा मिनिटे सर्व काही ठरवणार.

तत्त्वतः मला यात काही गैर दिसत नाही. तक्त्यातले गुण वाचनाविषयी फारसे सांगत नाहीत, हे आपण सारे जाणतो. पैसे भरून शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट आपण पाहिला आहे. पंधरा मिनिटांत, समोरचा ऐकणारा असेल तर, एखाद्याने खरोखर काय वाचले आहे हे कळू शकते. प्रश्न त्या 'तर'चा आहे. मुलाखतीला एवढे वजन दिले, पण मुलाखत घेणाऱ्याने कोणती तयारी करावी याविषयी आपल्याकडे कोणीही बोलत नाही. उमेदवारांसाठी पुस्तके आहेत, शिकवण्या आहेत, ध्वनिचित्रफिती आहेत. विषयतज्ज्ञासाठी प्रवासभत्त्याचा अर्ज आहे.

याला आणखी एक कारण आहे. नेट परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिका डिसेंबर २०११ पर्यंत वर्णनात्मक होती. तीत निदान काही पाने सलग लिहावी लागत. त्यानंतर तीही वस्तुनिष्ठ झाली आणि २०१८ पासून तर तिसरी प्रश्नपत्रिकाच उरली नाही. परिणामी, साहित्य शिकविण्याची पात्रता सिद्ध करणाऱ्या परीक्षेत उमेदवाराला एकही वाक्य लिहावे लागत नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा, कालानुक्रम लावायचा, जोड्या जुळवायच्या. ज्याने पाचसहा वर्षे याच पद्धतीने अभ्यास केला, तो मुलाखतीच्या दालनातही चार पर्याय शोधत जातो. आणि समितीतही पुष्कळदा त्याच पद्धतीने घडलेले लोक असल्यामुळे प्रश्नही तसेच येतात. मराठीतील ज्ञानपीठ विजेते सांगा. (खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे, चार नावांना चार सेकंद.) 'दर्पण' केव्हा सुरू झाले? 'तुतारी' कोणाची? यांत उत्तर चुकलेला उमेदवार गळतो हे ठीकच. पण उत्तर बरोबर देणाऱ्यांपैकी कोण शिकवू शकेल, हे यातून कसे कळावे?

याचा अर्थ सनावळ्या निरुपयोगी आहेत असा नाही. माझा अनुभव उलट आहे. एक उदाहरण देतो. 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली, हे पाठ असलेले उमेदवार पुष्कळ भेटतात. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा बाबुराव बागुलांचा कथासंग्रहही १९६३ सालचाच, हेही काहींना ठाऊक असते. पण ही दोन माहितीपत्रके त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात : एक 'कादंबरी : साठोत्तरी', दुसरे 'दलित साहित्य'. मी विषयतज्ज्ञ म्हणून जाऊ लागलो तेव्हापासून एक प्रश्न हमखास विचारतो : ही दोन पुस्तके एकाच वर्षी आली, यावरून तुम्हाला काय वाटते? बहुतेकजण गोंधळतात. काहींना वाटते की, मी त्यांना वर्ष चुकले म्हणून सापळ्यात पकडतो आहे.

एकदाच एका तरुणाने मिनिटभर विचार केला आणि तो बोलू लागला. तो म्हणाला, दोन्हींत घर सोडून परगावी गेलेला तरुण आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो, तिथे सारे गमावून परत येतो. पण परत येण्यासाठी त्याला गाव आहे, बाप आहे, बापाची शेतीवाडी आहे. बागुलांच्या कथेतला तरुण नोकरीसाठी परगावी जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. त्याला परत जाण्याजोगे काही नाही आणि पुढे जाण्यासाठी स्वतःलाच लपवावे लागते. "म्हणजे सर," तो म्हणाला, "पांडुरंगाला आपण कोण हा प्रश्न पडतो. याला तो प्रश्न पडण्याची चैन परवडत नाही, कारण लोकच त्याला तो रोज विचारतात." हे विधान तंतोतंत टिकेल की नाही, यावर वाद होऊ शकेल. पांडुरंगच्या प्रश्नाला 'चैन' म्हणणे मला स्वतःला मान्य नाही. मनीच्या मृत्यूनंतरची पाने वाचलेला कोणी तसे सहसा म्हणणार नाही. मी ते त्याला तिथेच सांगितले आणि आम्ही दोघे पाच मिनिटे भांडलो. माझ्या माहितीप्रमाणे ती त्या दिवसातली एकमेव खरी मुलाखत होती.

त्या तरुणाची तयारी कशी होती, हे मी नंतर त्याला विचारले. तो म्हणाला, यादी करून सगळे वाचणे शक्य नव्हते, म्हणून पाच पुस्तके निवडली आणि ती तीन-तीनदा वाचली. मला हा सल्ला कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा मोलाचा वाटतो. मराठी वाङ्मयाचा आठशे वर्षांचा पसारा पंधरा दिवसांत उरकता येत नाही आणि तसा तो उरकला असल्याचा आव ताबडतोब उघडा पडतो. याउलट, एक प्राचीन ग्रंथ, एक कवी, एक कादंबरी, एक कथासंग्रह आणि समीक्षेचे एक पुस्तक एवढे जरी खरोखर आपले असेल, तर कोणत्याही प्रश्नावरून तिथे पोचण्याची वाट सापडते. उरलेल्यांविषयी "वाचलेले नाही" असे म्हणावे. हे दोन शब्द उच्चारण्याची भीती आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात फार खोल रुजलेली आहे. 'लीळाचरित्र' न वाचलेल्या उमेदवाराने महानुभावांच्या तत्त्वज्ञानावर केलेली भाषणे मी ऐकली आहेत. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे विभाग सांगून झाले की, "एखादी लीळा सांगा" म्हणताच शांतता पसरते. एक तरी लीळा, तिच्यातल्या माणसांसकट आणि बोलण्यासकट, ज्याला सांगता येते त्याने बाकीचे तत्त्वज्ञान सांगितले नाही तरी माझी हरकत नसते.

प्रबंधाविषयीही तेच. "तुमच्या संशोधनाचा विषय काय?" या प्रश्नाला उमेदवार शीर्षक म्हणून दाखवतो. आपल्याकडची शीर्षके इतकी लांब असतात, की ती म्हणेपर्यंत प्रश्न विसरला जातो, आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' हे शब्द येतात. (चिकित्सा न करता केलेला अभ्यास कसा असतो, हे मला अजून कळलेले नाही.) प्रबंध लिहिण्यापूर्वी तुम्हाला जे ठाऊक नव्हते आणि लिहिल्यानंतर ठाऊक झाले, असे काय ते सांगा, असे मी म्हणतो. त्याची दोन वाक्ये घरून तयार करून आणणे ही काही लबाडी नव्हे. उलट ती दोन वाक्ये सुचत नसतील, तर मुलाखतीपेक्षा प्रबंधाची काळजी करावी.

आता ज्या गोष्टीविषयी मला खरोखर बोलायचे आहे तिच्याकडे येतो.

मराठीच्या मुलाखतीत एक अलिखित परीक्षा चालू असते. ती 'न' आणि 'ण'ची, 'ळ'ची, 'श' आणि 'ष'ची. उमेदवार "पानी" म्हणाला की समितीतील कोणाची तरी भुवई वर जाते. गुणतक्त्यात याचा रकाना नसतो, पण 'व्यक्तिमत्त्व' किंवा 'संवादकौशल्य' या नावाखाली तो भरला जातो. खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भाच्या खेड्यांतून, आदिवासी पाड्यांतून आलेली, घराण्यातली पहिलीच शिकलेली मुले ही परीक्षा न सांगता ओळखतात. त्यांच्या तयारीचा मोठा भाग तीवर खर्ची पडतो. आरशासमोर उभे राहून 'बाण', 'प्राण', 'आणि' घोकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. आम्ही शिक्षकच त्यांना तसे सांगतो. मीही सांगितले आहे.

हे कोणत्या विभागात घडते? ज्या विभागात बहिणाबाई चौधरींची कविता अभ्यासक्रमाला असते. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि लेवा गणबोलीतील त्या गाण्यांनी मराठी कवितेच्या आपल्या कल्पनेत भर घातली, असे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. बोलींचे वैभव या विषयावर आपण चर्चासत्रे घेतो. आणि जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या गावाहून आलेली मुलगी त्याच बहिणाबाईंविषयी त्याच बोलीच्या वळणाने बोलू लागली, की आपण तिच्या नावासमोर 'भाषा सुधारणे आवश्यक' असा शेरा मारतो. प्रमाणभाषा येऊ नये असे माझे म्हणणे नाही. शिक्षकाला ती लिहिता आली पाहिजे, वर्गात गरजेप्रमाणे वापरताही आली पाहिजे. पण उच्चार हे आकलनाचे माप कसे होते? शुद्ध 'ण' उच्चारणाऱ्या अनेकांना बहिणाबाईंच्या शेतकामाच्या शब्दांचा अर्थ विचारून पाहावा. खाली पाहणारे कोण आणि सांगणारे कोण, ते कळेल.

मघाशी बागुलांच्या कथेचा उल्लेख केला. तुलना ताणू नये हे मला समजते. जात उघड झाल्यावर त्या तरुणाला जे सोसावे लागते त्याच्याशी मुलाखतीतल्या भुवईची बरोबरी होणार नाही. तरीही नोकरीसाठी स्वतःचा काही भाग लपवावा लागणे, हे त्या कथेचे सूत्र आहे. आपल्या 'मुलाखत-मार्गदर्शन' कार्यशाळांतून आपण विद्यार्थ्यांना नेमके काय लपवायला शिकवतो, हे एकदा त्या कथेच्या उजेडात तपासून पाहायला हवे.

राहता राहिला तो प्रश्न, जो प्रत्येक विद्यार्थी मनात घेऊन येतो आणि विचारत नाही : सगळे आधीच ठरलेले असेल तर तयारी कशाला करायची? तो खोटा प्रश्न नाही. देणगीच्या नावाने चालणाऱ्या व्यवहारांविषयी उघडपणे बोलले जाते, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबून चाळिशी ओलांडलेले, दर जाहिरातीला नव्याने अर्ज भरणारे उमेदवार आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांना सकारात्मक विचारांची व्याख्याने देणे हा उद्धटपणा आहे. पण 'सगळे ठरलेले असते' हे वाक्य समितीतल्या लोकांच्या फार सोयीचे आहे, हेही ध्यानात घ्यावे. त्यात कोणीच काही केलेले नसते, ठरलेले असते. नियमानुसार महाविद्यालयाच्या निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष वा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य आणि विभागप्रमुख असतात, तसेच कुलगुरूंनी पाठविलेले प्रतिनिधी आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेले दोन विषयतज्ज्ञही असतात. कार्यवृत्त त्याच दिवशी लिहायचे असते आणि त्यावर सर्वांची सही लागते. ठरवणारे जे कोणी असतील ते असोत, ठरलेल्या गोष्टीखाली मराठीच्या प्राध्यापकाची सही असते.

तशी एक सही माझीही आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी विषयतज्ज्ञ म्हणून गेलो होतो. त्या दिवशी मी ज्याला सर्वाधिक गुण दिले होते, त्याचे नाव कार्यवृत्तात प्रतीक्षायादीवर दुसरे होते. मी विचारले. "सर, आमच्या संस्थेची काही गरज असते," असे अतिशय नम्र उत्तर मिळाले. संध्याकाळ झाली होती, शेवटची गाडी साडेसातची होती, जेवणाचा आग्रह चालू होता. मी वेगळे मत नोंदवू शकलो असतो. त्याला फार तर अर्धा तास लागला असता आणि पुढे मला कोणी बोलावले नसते. मी सही केली. परतीच्या गाडीत मी, वीस वर्षांपूर्वी माझ्या मुलाखतीत घड्याळाकडे पाहणाऱ्या त्या सदस्याचा विचार करीत होतो. तोपर्यंत तो मला संस्थाचालकांचा माणूस वाटत आला होता. तोही बहुधा बाहेरगावाहून आलेला विषयतज्ज्ञच असावा, आणि त्यालाही गाडी गाठायची असावी. त्यानंतर दोनदा मी वेगळे मत लिहून दिले. एकदा निर्णय बदलला, एकदा नाही. बोलावणी कमी झाली, हे खरे.

'प्रतिद्वंद्वी'च्या शेवटाकडे आणखी एक मुलाखत आहे. उकाड्यात उमेदवार ताटकळत उभे आहेत, बसायला पुरेशा खुर्च्या नाहीत, एकाला भोवळ येते आणि समिती जेवणाच्या सुट्टीवर जाऊ पाहते. सिद्धार्थ आत घुसून टेबल उलथतो. आमच्या पिढीला तो प्रसंग फार आवडत असे. आता मला त्यातल्या आत बसलेल्या माणसांविषयी कुतूहल वाटते. रायांनी त्यांना फारसे चेहरे दिलेले नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्यापैकी एखादा घरी जाऊन काय सांगत असेल?

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी पहिल्या मुलाखतीला निघाली होती. आदल्या आठवड्यात ती विभागात आली. "सर, माझा 'ण' अजून जमत नाही," हे तिचे पहिले वाक्य. मी तिला तो घोकणे थांबवायला सांगितले आणि तिची पाच पुस्तके कोणती ते विचारले. तिने चार सांगितली. पाचवे अजून ठरत नव्हते. मग आम्ही दोन तास एका ओवीवर बोललो. पहिल्या सत्रातल्या, मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून घेतलेल्या, बारावीपर्यंत एकही पुस्तक पूर्ण न वाचलेल्या साठ मुलांसमोर ही ओवी कुठून सुरू करशील, एवढाच प्रश्न होता. तिने तीन सुरुवाती करून पाहिल्या. तिसरी मला इतकी आवडली, की मी ती पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात वापरली.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिचा एस.टी. स्थानकावरून दूरध्वनी आला.

"काय विचारलं?" मी म्हटले.

"मराठीला अभिजात दर्जा कोणत्या तारखेला मिळाला, ते विचारलं, सर. मी ३ ऑक्टोबर २०२४ सांगितलं."

"मग?"

"मग त्यांच्यातल्या एका मॅडमनी विचारलं, अभिजात म्हणजे काय. मी म्हटलं, एक उदाहरण घेऊन सांगू का? त्या हो म्हणाल्या. मी ओवी म्हटली. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, वेळ झाली."

"आणि मॅडम?"

"त्या म्हणाल्या, पूर्ण करू द्या तिला." मागे गाडीची घोषणा चालू होती, त्यामुळे पुढचे दोन-तीन शब्द ऐकू आले नाहीत. "...तर मग मी पूर्ण केलं, सर. गाडी लागली, ठेवते."